आकडा चांगला आला

माझं काम पोरांच्या मागे चालण्याचं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गुडघे शेकणारी नाहीतर मान ओढणारी बाई येते. तेही मी पुष्कळ केलं. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत बुलढाण्याच्या ज्या केंद्रात होते, तिथं माझ्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. स्नायूंचा जन्मजात आजार असलेली मुलं आमच्याकडे दर सहा महिन्यांनी यायची आणि ती किती चालतात हे मी मोजून लिहायचे. चालायला लावायचे असं नाही, फक्त मोजायचे. शेजारच्या बायका कौतुकानं विचारायच्या, "तुमच्या हातानं किती लेकरं चालाले लागली वो?" मी भाजीचा विषय काढायचे.

या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी फोनवर सांगितलं, जरा खुसखुशीत काही लिहा, दवाखान्यातले किस्से वगैरे. किस्से आहेत. एक-दोन सांगतेही. पण मला जे लिहायचं आहे ते खुसखुशीत नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवते.

आधी कामाची रीत सांगते. पंचवीस मीटरचा सरळ व्हरांडा, दोन टोकांना दोन केशरी शंकू, फरशीवर चिकटपट्टी. मुलानं सहा मिनिटं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत ये-जा करायची. पळायचं नाही. दमला तर थांबावं, घड्याळ मात्र थांबत नाही. त्याच्या मागे एक माणूस हात अर्धे पुढे करून चालतो. पोर पडलं तर झेलायचं, पण पडेपर्यंत त्याला शिवायचं नाही. तो माणूस म्हणजे मी. बोलायचं तेही ठरलेलं असतं. दर मिनिटाला एक वाक्य, "छान चालू आहे, अजून पाच मिनिटं बाकी," मग चार, मग तीन. तेच शब्द, तोच आवाज, प्रत्येक मुलाला. एखाद्याला "शाब्बास रे वाघा" म्हटलं की तो जीव काढून वीस पावलं जास्त टाकतो, आणि मग सहा महिन्यांमागच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहण्यात काही अर्थ उरत नाही. आणखी एक नियम असा की आकडा मुलाला किंवा घरच्यांना तिथल्या तिथं सांगायचा नाही. मागच्या खेपेपेक्षा बरा की वाईट, हे तर मुळीच नाही. शिकायला येणाऱ्या मुलींकडून हे नियम मी पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. एकीनं एकदा एका चिमुरड्यासाठी टाळ्या वाजवल्या, तर मी तिला सगळ्यांदेखत असं झापलं की ती डबा न खाताच घरी गेली. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

धामणगाव बढ्याची एक आजी नातवाला घेऊन यायची. नातू चालायला लागला की हिनं पदर खोचून त्याचं बोट धरलंच. "एवढुशा लेकराले एकटं काऊन चालवता?" मी तीनदा चाचणी पहिल्यापासून सुरू केली. चौथ्यांदा म्हातारीला आवरायचं म्हणून म्हटलं, आजी, आधी तुमचीच परीक्षा घेऊ. ती झपझप चालत सुटली. सहा मिनिटांनी आमची सिस्टर घड्याळ हातात घेऊन तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतकं तर आमच्या स्टाफमध्येही कुणी चाललं नसतं. आजीनं विचारलं, "पास झाली का मी?" म्हटलं, पहिल्या नंबरानं. "मंग माह्येच पाय लावा याले. मले आता कुठी जायाचं हाय." ती हसून बोलली, म्हणून आम्हीही हसलो. पुढं कितीतरी दिवस मला ते वाक्य मधूनच आठवायचं आणि कामात लक्ष लागायचं नाही.

आजार कसा, तेही सांगायला हवं. हा बहुतेक मुलग्यांना होतो. पोर तीन-चार वर्षांचं होईस्तोवर घरात कुणाला पत्ता नसतो. पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या दिसतात, बाप उलट खूश असतो. मग पोर पायऱ्यांवर मागं राहायला लागतं, विनाकारण पडतं. जमिनीवरून उठताना आधी हात टेकतं, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहतं. हे उठणंसुद्धा आम्ही सेकंदात मोजायचो. माझ्या मते सहा मिनिटांच्या चालीपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. तो वाढायला लागला की चालणं किती उरलंय याचा मला अंदाज यायचा, आणि मग पुढची कामं ठरलेली असायची. चाकाच्या खुर्चीचा अर्ज, शाळेला पत्र, हृदयाची तपासणी, घरच्यांना समोर बसवून बोलणं. पोर पडायच्या आधी खुर्ची दारात आली पाहिजे, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

देवानंद इंगळे त्यांच्या मुलाला, सम्यकला, घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. रोहिणखेडच्या पुढच्या एका खेड्यात त्यांची पिठाची गिरणी. पण गावात त्यांना गिरणीवाला कुणी म्हणत नसे, सर म्हणत. तरुणपणी त्यांनी पोलीस भरतीची जिवापाड तयारी केलेली आणि धावण्यात अगदी थोडक्यात मागं राहिलेले. वय निघून गेलं, पण नाद सुटला नाही. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ते पळवायचे. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, खिशात वही. प्रत्येकाची वेळ तारीखवार लिहिलेली. त्यांच्या हाताखालची पोरं वर्दीत गेली, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

या आजाराची खोट बहुतेक वेळा आईकडून येते. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर काय काय होतं ते मी पाहिलंय. सूनबाई माहेरी धाडल्या जातात, नाहीतर रोज टोमणे खात घरात राहतात. इंगळ्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या बायकोला म्हणाले, "सुनीता, वर पाह्य. तू काय बाजारातून आनला काय हा रोग?" त्या दिवसापासून तो माणूस मला आवडायला लागला. दर सहा महिन्यांनी दारात येऊन "जय भीम मॅडम" म्हणायचे, मीही "जय भीम" म्हणून खुर्ची पुढे करायचे.

आणि मोजमापाची कदर असलेला तो माझ्याकडे आलेला एकमेव बाप होता. बाकीचे मोबाइल बघत बसायचे. इंगळे व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, प्रत्येक फेरी बोटांवर मोजायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमची ती चिकटपट्टी या टोकाले चार बोटं सरकली हाय." टेप लावून पाहिलं तर खरंच सरकली होती. मी खजील झाले आणि खूशही. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्या नोंदींच्या तक्त्याची एक झेरॉक्स मिळेल का, घरी महिन्यातून एकदा वेळ लिहून ठेवतो, तुम्हालाच उपयोग होईल. नियमात बसत नव्हतं. पण मला वाटलं, असा नोंदी ठेवणारा बाप कुठं मिळतो? मी झेरॉक्स दिली. उठण्याची वेळ कशी घ्यायची तेही दाखवलं. "थकवू नका फक्त," असं म्हटलं. हे मी सगळ्यांनाच म्हणायचे.

सम्यक नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचं उठणं लांबायला लागलं. पाच सेकंदांचे सात झाले, पुढच्या खेपेला नऊ. त्याची चालही मंद झाली, पोट पुढे काढून डुलत चालायला लागला. मी खुर्चीचा अर्ज काढला, नाव, वय, गाव भरलं. पुढच्या भेटीत इंगळ्यांशी बोलायचं आणि सही घ्यायची असं ठरवून तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्या भेटीत सम्यक सात सेकंदांत उठला. मी पुन्हा घेतलं, पुन्हा सातच. सहा मिनिटांत मागच्या वेळेपेक्षा एक अख्खी फेरी जास्त चालला. असं कधी कधी होतं. गोळ्यांचा डोस बदलला की काही महिने बरे जातात, आणि त्याचा डोस बदललाही होता. मी तेच कारण धरलं. भिंतीजवळ इंगळे उभे होते. त्यांनी फेऱ्या मोजल्याच होत्या, तरी माझ्या तोंडाकडे पाहत होते. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं उतरते आकडे लिहून मीही कंटाळले होते. मी म्हटलं, "इंगळे, आकडा चांगला आला. सम्यक, मागच्या वेळेपेक्षा जास्त चाललास रे." ज्या चुकीसाठी मी त्या मुलीला झापलं होतं, तीच मी केली, आणि मला झापायला कुणी नव्हतं. सम्यकनं बापाकडे पाहिलं. बापानं अंगठा दाखवला. डॉक्टरांनी माझ्या आकड्याखाली सही केली. ड्रॉवरमधला अर्ज मी तसाच राहू दिला, पुढच्या वेळी बघू म्हणून.

त्यानंतर सहा महिने उलटले, सातवाही गेला, ते आले नाहीत. फोन लागेना. आठव्या महिन्यात एका सकाळी इंगळे दारात उभे राहिले. सम्यक त्यांच्या दोन्ही हातांवर होता, लाडानं उचलतात तसा नव्हे, आजाऱ्याला उचलतात तसा. त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. त्यांनी मुलाला तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि वही माझ्यापुढे ठेवली.

मी वही उघडली. महिन्यातून एकदा नव्हे, रोजची नोंद होती. सकाळी उठण्याचा सराव, वीस वेळा. शाळेच्या ओट्याच्या पायऱ्या, दहा वेळा वर, दहा वेळा खाली. प्रत्येक नोंदीपुढे वेळ. मागच्या खेपेला माझ्याकडे यायच्या आधीच्या तीन दिवसांपुढे "आराम" असं लिहिलेलं. भरतीच्या पोरांना मैदानी चाचणीआधी देतात तसा आराम. मी म्हणत होते ते थकवणं त्यांच्या हिशेबानं पाच किलोमीटर पळवल्यावर सुरू होत असावं. त्यांना वाटलं, मॅडमची परीक्षा आहे, तर पोराची तयारी करून घेऊ. सरावानं माणूस सुधारतो, हे त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेलं. उठायची युक्ती सरावानं सुधारते, हे खरंच आहे, म्हणून तर सात सेकंद आले. पण या पोरांचे स्नायू सरावानं बांधले जात नाहीत, आणखी फाटतात. पायऱ्या उतरणं तर त्यांना सगळ्यात वाईट.

वहीत एका तारखेनंतर पानं कोरी होती. त्या पहाटे मैदानावर पोरं पळत होती, इंगळे घड्याळ धरून उभे होते, आणि सम्यक ओट्यावरून आठव्या वेळी उतरताना पाय दुमडून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याला नेऊन कमरेपासून प्लास्टर घातलं, दीड महिना झोपून काढायला सांगितलं. या मुलांना इतके दिवस निजवून ठेवलं की उरलेली ताकद परत येत नाही. त्यांना होईल तितक्या लवकर उभं करावं लागतं. मला फोन केला असता तर मी ओरडून सांगितलं असतं. इंगळ्यांनी फोन केला नाही. माझ्यासमोर यायची त्यांना लाज वाटत होती.

"आता वहीत काय लिवू, मॅडम?" एवढंच ते म्हणाले, आणि केसपेपर काढायला खाली गेले.

सम्यकनं बाप जिना उतरेपर्यंत वाट पाहिली. मग मला म्हणाला, "मॅडम, पप्पाले सांगा ना तुमी, का हे तसंबी होनारच होतं."

"तुला कोण म्हणालं असं?"

"मोबाइलवर हाय ना सगळं. माह्यासारख्या पोरायले खुर्ची लागतेच. मी वाचलं तवाच, पडाच्या आधी." तो अगदी सरळ आवाजात बोलत होता. "पप्पा जेवत नाही बराबर. मैदानावर जानं सोडलं त्यायनं. आई म्हनते तं ऐकत नाही. तुमचं ऐकतीन."

दहा वर्षांचं पोर. सांगते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सिस्टर त्याला वजनकाट्याकडे घेऊन गेली आणि इंगळे वर आले. मी दार लोटलं, त्यांना बसवलं आणि सांगितलं. या आजारात चालणं जातंच. साधारण याच वयात जातं. तुम्ही काही केलं नसतं तरी वर्ष-दीड वर्षात हेच झालं असतं. यात माझ्या पदरचं काही नव्हतं, हेच खरं आहे.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "होनारच होतं, तं मंग तुमी इतके वर्सं मोजून काऊन राह्यल्या होत्या?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते. चिकटपट्टी चार बोटं सरकली आहे हे ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात. त्या माणसाला खोटं उत्तर देणं मला जमेना. त्यातून असंही वाटलं की सगळं ओझं याच्या डोक्यावर का असावं, माझा वाटा मी उचलावा. मी ड्रॉवर उघडला आणि तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. सम्यकचं नाव, वय, गाव, माझ्या अक्षरात. म्हटलं, "यासाठी मोजत होते. खुर्ची कधी आणायची ते वेळेवर कळावं म्हणून. हा अर्ज तेव्हाच भरून ठेवला होता. त्या दिवशी आकडा चांगला आला म्हणून मी तो दिला नाही. तक्ताही तुम्हाला मीच दिला, आणि सम्यकच्या तोंडावर त्याचं कौतुकही मीच केलं. चूक माझी आहे, इंगळे."

त्यांनी अर्ज हातात घेतला, दोनदा वाचला. गिरणीत बसून वर्षानुवर्षं वजनमापाचे हिशेब करणारा माणूस. ओठ हलवत त्यांनी हाही हिशेब करून टाकला.

"म्हंजे मी त्याले पळवलं नसतं, तं आकडा खराबच आला असता."

मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

"अन् खराब आला असता तं खुर्ची आली असती. खुर्ची असती तं तो पायऱ्यावर गेलाच नसता."

"इंगळे, माझं म्हणणं तसं नाही..."

"हाव, समजलं मले," ते म्हणाले. त्यांनी अर्जाची नीट घडी घातली, वहीत ठेवली आणि वही शर्टाच्या आत सरकवली. माझी चूक मी त्यांच्यापुढे कबूल करायला गेले आणि तीही ते स्वतःच्याच नावावर घेऊन उठले. पोरानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली आणि पुढच्या दोन मिनिटांत माझ्याच हातानं परत काढून घेतली. खरं बोलण्याचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

खुर्ची आली. मी मागे लागून महिन्याभरात आणवली. चालणं गेल्यावर या मुलांचे हात मोजायचे असतात. वजन मांडीवरून टेबलावर ठेवता येतं का, पेला ओठापर्यंत नेता येतो का, कागद फाडता येतो का. मी निवृत्त होईपर्यंत सम्यक त्यासाठी येत राहिला. एकदाही खाडा नाही. इंगळे लिफ्टनं वर येऊन खुर्ची ढकलत दारापर्यंत आणायचे, "जय भीम मॅडम" म्हणायचे आणि बाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. काय आलं, किती आलं, त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मैदानही त्यांनी पुन्हा धरलं नाही, हे मला गावच्या आशा सेविकेकडून कळलं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात सम्यक आला होता. आता ओठांवर मिसरूड फुटलेली, गोळ्यांनी गाल गोल झालेले. टेबलावर वजनं मांडत असताना त्यानं दाराकडे मानेनं खूण केली आणि हळूच म्हणाला, "पाह्यलं का मॅडम, पप्पा आता आकडा विचारतच नाही. तुमी सांगितलेलं पटलं ना त्यायले?"

मी "हाव" म्हटलं आणि पुढचं वजन त्याच्या हातात दिलं.